सुमोच्या पोटाखाली

दर दिवाळीच्या सुमारास एक भंगारवाला आमच्या फाटकाशी येऊन उभा राहतो.

‘‘बाई, देऊन टाका नं आता गाडी. काय ठेवलं तिच्यात?’’

त्याचं बोट अंगणातल्या कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या आमच्या सुमोकडे असतं. मी ‘नाही’ म्हणते. तो तांब्याभर पाणी पितो आणि ‘‘पुढच्या साली येतो’’ म्हणून सांगून जातो. पुण्याचा लेक फोनवर वेगळं काही सांगत नाही. ‘‘आई, तिच्यात पैसे घालण्यापेक्षा एखादी नवीन छोटी गाडी घेऊन टाक ना!’’ भंगारवाल्याला पाणी देऊन वाटेला लावता येतं. लेकाला काय सांगणार? म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

आमची सुमो 2007 सालची. एमएच 33, म्हणजे गडचिरोली पासिंग. सात-आठ माणसं, त्यांच्या पिशव्या आणि वर कॅरिअरला बांधलेली धानाची पोती एवढा संसार ती एका वेळी वाहून नेते. टाटांनी ही गाडी 1994 मध्ये आणली आणि 2019 मध्ये बनवणं थांबवलं. ‘सुमो’ हे नाव जपानी पैलवानांवरून ठेवलं असेल, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. पण ते निघालं आपल्या सुमंत मुळगावकरांचं! टेल्कोची धुरा ज्यांनी अनेक वर्षं वाहिली, त्या मुळगावकरांच्या नावाची आणि आडनावाची इंग्रजीतली पहिली दोन-दोन अक्षरं जोडली की ‘सुमो’ होतं. हे कळल्यापासून ती मला उगाच माहेरची वाटू लागली.

आमचं मुलचेरा हे गडचिरोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. आष्टीहून आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, जंगलाच्या कुशीत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांना काही दशकांपूर्वी या भागात वसवलं गेलं, त्यामुळे आमच्याकडे मराठी, गोंडी, तेलुगू आणि बंगाली अशा चारही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. शेजारच्या बंगाली काकीमा मला ‘बौमा’ म्हणतात आणि मी त्यांना शिंगाड्याची पिशवी देऊन माशाची वाटी घेते. सगळं छान आहे. पण इथून मोठ्या दवाखान्यात जायचं तर गडचिरोली नाही तर चंद्रपूर. जिल्ह्याचं रेल्वे स्टेशन वडसा, तेही पार उत्तरेच्या टोकाला. पावसाळ्यात दिना नदी फुगली की रस्ते तुटतात. एसटी आहे, 2014 पासून 108 ची अॅम्ब्युलन्स आहे, पण रात्री-अपरात्री दाराशी उभं असलेलं वाहन ते वाहन. इथं गाडी ही चैनीची वस्तू नसते, हे शहरातल्या मैत्रिणींना पटकन कळत नाही.

ही गाडी आमच्या ह्यांची. म्हणजे कागदावर दोघांची, पण जीव ह्यांचा. दर रविवारी सकाळी बनियन घालून ते तिच्याखाली शिरायचे आणि मी चहाचा कप चाकाशेजारी नेऊन ठेवायचे. एवढाच माझा आणि तिचा संबंध. पुढे ह्यांचा चष्म्याचा नंबर सारखा बदलायला लागला. आम्ही दुकानात जायचो, नवीन काचा करून आणायचो. चार-सहा महिन्यांनी पुन्हा कुरकुर. पुन्हा काचा. तीन वर्षांत चार चष्मे झाले! कधी दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, कधी ताटातली उजवीकडची वाटी दिसायची नाही. ‘‘लक्ष कुठं असतं तुमचं?’’ म्हणून मी चिडायचे. 2014 मध्ये सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात तपासलं तेव्हा कळलं की हा काचबिंदू आहे.

काचबिंदूत डोळ्यातला दाब बहुधा वाढलेला असतो आणि डोळ्यामागची नस हळूहळू सुकत जाते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं जाते, समोरचं बराच काळ दिसत राहतं. माणूस नकळत मान वळवून भागवतो. म्हणून तर कळत नाही. आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून, गरज पडली तर शस्त्रक्रिया करून, जेवढी उरली आहे तेवढी राखायची. डॉक्टरांनी हे सगळं शांतपणे समजावून सांगितलं आणि आम्ही दोघं येताना वर्ध्यापासून आष्टीपर्यंत एक शब्द बोललो नाही.

2016 मध्ये ह्यांनी स्वतःच किल्ली माझ्या हातात ठेवली. तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. शाळेच्या मैदानावर शिकले. एवढी मोठी गाडी, आणि माझी उंची पाच फूट एक इंच! पाठीमागे उशी, खाली उशी. गावातली पोरं कुंपणावर बसून बघायची. क्लच सोडताना गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि पोरं टाळ्या वाजवायची. असो. तीन महिन्यांत आष्टीपर्यंत जाऊन आले आणि वर्षभरात सेवाग्राम.

गाडी माझ्या हातात आली आणि मी काय केलं असेल? तिला नटवलं. नवी सीटकव्हरं, स्टिअरिंगला कव्हर, गाणी लावायला यंत्र, पुढे डोळे दिपवणारे पांढरे दिवे. अठरा हजार रुपये गेले. घर सांभाळणारी बाई मी, मला वाटलं गाडी छान दिसली म्हणजे छान असते. बॉनेटखाली प्लास्टिकच्या एका छोट्या डबीत ब्रेक ऑइल असतं. ते रेघेच्या खाली गेलं की भरायचं, एवढं ह्यांनी शिकवलं होतं. ते मात्र मी न चुकता करत होते. कमी झालं की भरलं. पुन्हा कमी झालं की पुन्हा भरलं. दुधाचं भांडं ओसरलं की आपण भरतो ना, तसं. ह्यांना सांगायलाही विसरले. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

2018 च्या दसऱ्यानंतरची गोष्ट. सेवाग्रामची तपासणी होती. सोबत काकीमा आणि कॉलेजात शिकणारी त्यांची नात, चंद्रपूरपर्यंत. पहाटे निघालो. थोडं अंतर गेल्यावर हे म्हणाले, ‘‘तू हल्ली ब्रेक फार लवकर दाबतेस.’’

‘‘काळजीपूर्वक चालवते म्हणा!’’

‘‘तसं नाही. आधी खड्डा आला की गाडी एकदम वाकायची. आता तू बरीच आधीपासून दाबत येतेस. पाय खोल जातो का?’’

मला खरंच माहीत नव्हतं. पुढे एक रपटा आहे, रस्ता उतरत जातो आणि ओढ्यावरून पलीकडे चढतो. रपट्यावर गुरं. मी ब्रेक दाबला आणि पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली गेलं. पुन्हा दाबला, अर्धवट लागला. हँडब्रेक ओढला, त्यानंही पुरतं धरलं नाही. ‘‘दुसरा टाक! दुसरा!’’ हे ओरडले. दुसरा गिअर पडला, इंजिन किंचाळलं, आणि गाडी एका पांढऱ्या गाईपासून दोन हातांवर थांबली. गुराखी पोरगा काठी टाकून कडेला उडी मारून उभा होता. काकीमा पाठीमागे ठाकुराचं नाव घेत होत्या. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

आष्टीहून मिस्त्री आले. त्यांनी मागचं डावं चाक काढलं, ड्रम काढला. आतून सगळं ओलं. चाकात एक छोटा सिलिंडर असतो, ब्रेक दाबला की तो लायनरला बाहेर ढकलतो. त्याचं रबर गेलं होतं आणि ऑइल आतल्या आत ड्रममध्ये झिरपत होतं. बाहेर थेंबही दिसला नसता. लायनर त्याच ऑइलमध्ये भिजलेला, म्हणून हँडब्रेकही पकडेना. पुढच्या चाकांची नळी वेगळी असते, म्हणून अर्धा तरी ब्रेक मिळाला. मिस्त्रींनी बोटानं ड्रम पुसला आणि म्हणाले, ‘‘बाई, हे आजचं नाही. दोन-तीन महिन्यांपासून गळून राह्यलं. ऑइल कमी होत नव्हतं का?’’

‘‘होत होतं. मी भरत होते.’’

‘‘भरत होत्या? अन् जाते कुठं हे नाही पाह्यलं?’’

मैत्रिणींनो, हा प्रश्न मी आजवर विसरलेले नाही. ब्रेक ऑइल हे डिझेलसारखं जळून संपत नाही. ती बंद नळ्यांची व्यवस्था आहे. लायनर आणि पॅड झिजतात तशी पातळी वर्षभरात किंचित उतरते, ते ठीक. पण महिन्या-दोन महिन्यांत रेघेवरून रेघेखाली आलं, याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर जातंय. ते भरणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. ते भरणं म्हणजे दुखणं झाकणं.

त्या रात्री ओसरीवर बसलो असताना हे म्हणाले, ‘‘माझ्या डोळ्यांचंही आपण असंच केलं. काचा बदलत राहिलो.’’ राग नव्हता, दोष नव्हता. पण तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला. काहीही कमी झालं, तर भरण्याआधी विचारायचं, कुठं जातंय? गाडीतलं ऑइल असो, की माझ्या अंगातलं रक्त. दर उन्हाळ्यात थकवा आला की टॉनिकची बाटली आणायची मी. ते शेवटी मी तपासून घेतलं, पण तो आजचा विषय नाही.

त्यानंतर मी खऱ्या अर्थानं सुमोच्या पोटाखाली शिरले. जुनी साडी फाडून चिंध्या केल्या, ह्यांचा पान्यांचा डबा उघडला. फिक्स पाना, रिंग पाना, गोटी पाना, पक्कड, ग्रीसगन. हे खुर्चीवर बसतात, मी हात काळे करते. त्यांना कडेचं दिसत नाही, आता समोरचंही धूसर झालंय, पण कान! इंजिन सुरू केलं की मान तिरकी करतात. ‘‘फॅनबेल्ट सैल आहे.’’ गाडी जागेवरून हलली की, ‘‘खालून टक् आला ना? जॉइंटचा क्रॉस वाजतोय.’’ सुमोला मागची चाकं ओढतात, त्यामुळे गिअरबॉक्सपासून मागपर्यंत एक लांब दांडा फिरतो. त्याच्या सांध्यातला क्रॉस सुकला की असा आवाज येतो. ग्रीसगननं निपलमध्ये ग्रीस भरलं, आवाज थांबला. पहिल्यांदा जमलं तेव्हा मला पुरणपोळी न फाटता लाटता आल्यासारखा आनंद झाला होता.

ब्रेक ऑइलला आणखी एक खोड आहे. ते हवेतली ओल शोषतं. आमच्यासारख्या दमट भागात तर लवकरच. ओल शिरली की त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो, उतारावर ब्रेक तापले की आत वाफ धरते आणि पेडल मऊ पडतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते पूर्ण बदलायचं. सिलिंडर, लायनर ही कामं मिस्त्रींचीच, त्यात मी हात घालत नाही. पण ऑइल बदलून हवा काढायचं काम आम्ही घरी करायला शिकलो, पहिल्या दोन खेपा मिस्त्रींना समोर बसवून.

त्याला दोन माणसं लागतात. एकानं चाकापाशी बसायचं, ब्रेकच्या निपलला पारदर्शक नळी लावायची, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. दुसऱ्यानं ड्रायव्हरच्या जागेवर बसून पेडल दाबायचं. 2019 च्या उन्हाळ्यात पहिल्यांदा केलं, तेव्हा मी ह्यांना हाताला धरून त्या सीटवर बसवलं. तीन वर्षांनी ते तिथं बसत होते. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले, जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘चल, सांग.’’

‘‘दाबा.’’ ‘‘दाबलं.’’ ‘‘धरा.’’ ‘‘धरलंय.’’ मी निपल अर्धा फेरा सैल करते, नळीतून काळपट ऑइल आणि हवेचे बुडबुडे येतात, निपल घट्ट करते. ‘‘सोडा.’’ निपल उघडं असताना पेडल सोडलं तर हवा उलट आत ओढली जाते, म्हणून शब्दाला शब्द जुळला पाहिजे. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकापर्यंत यायचं. मध्ये मध्ये वरच्या डबीत ऑइल भरत राहायचं, ती रिकामी होता कामा नये. चौथ्या चाकाला नळीतून स्वच्छ, मधासारखं ऑइल आलं तेव्हा हे आतून म्हणाले, ‘‘पेडल कडक झालं गं!’’ बत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून इतकं एकमेकांच्या तालावर दुसरं काही केलं असेल, असं मला आठवत नाही.

जुन्या मोठ्या गाडीवर खर्च करायचा, तर कुठल्या क्रमानं? हे मला आता पाठ झालंय. आधी थांबणं, मग वळणं, मग दिसणं, मग चालणं, आणि सर्वांत शेवटी सजणं. मी उलट्या टोकाकडून सुरुवात केली होती.

थांबण्याचं सांगून झालं. वळणं म्हणजे टायर, टाय रॉडचे सांधे आणि पाटे. टायरचं वय त्याच्यावरच लिहिलेलं असतं. चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, शेवटचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होऊन चिरा पडतात, तेव्हा मोह सोडायचा. आपल्या मनानं जाडजूड, मोठ्या मापाचे टायर घालायचे नाहीत. ते दिसायला रुबाबदार, पण वळताना घासतात आणि ब्रेकवर ताण येतो. मागे कमानपाटे आहेत. त्यांचे बुश झिजले किंवा यू-बोल्ट सैल झाले की गाडी शेपूट हलवत चालते. लोहखनिजाच्या ट्रकांची वर्दळ आलापल्ली-आष्टी रस्त्यावर वाढली, तेव्हा त्या खड्ड्यांनी भल्या भल्या गाड्यांचे पाटे बसवले. मी महिन्यातून एकदा प्रत्येक यू-बोल्टला पाना लावून पाहते.

दिसणं म्हणजे दिवे आणि वायपर. माझे ते डोळे दिपवणारे पांढरे दिवे मी काढून टाकले. समोरच्याला आंधळं करून आपल्याला दिसत नसतं! जुन्या गाडीत दिव्यांचा करंट लांबच्या वायरीतून आणि बटणातून फिरून येतो, वाटेत कमी होतो आणि दिवे पिवळे, मंद पडतात. लोक मग जास्त वॅटचे बल्ब घालतात आणि वायरी वितळवतात. त्यापेक्षा इलेक्ट्रिशियनकडून रिले बसवून बॅटरीपासून जाड वायर दिव्यापर्यंत आणून घ्यावी. साठ-पंचावन्न वॅटचे साधेच बल्ब, पण उजेडात जमीन-अस्मानाचा फरक. माझ्या सगळ्या सुधारणांत पैसा वसूल झालेली हीच. दुसरी म्हणजे मधल्या सीटचे पट्टे. जुने कुजले होते, ते बदलून घेतले. या गाडीत एअरबॅग नाहीत, तेव्हा पट्टा लावल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही. काकीमांसुद्धा कुरकुरत लावतात.

चालण्याचं काम रोजचं. सकाळी गाडी थंड असताना डिपस्टिकनं इंजिन ऑइल पाहायचं, रेडिएटरचं पाणी पाहायचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, वाफेनं हात भाजतो. डिझेल फिल्टरच्या बुडाशी एक स्क्रू असतो, तो सैल करून साठलेलं पाणी काढायचं. फिल्टर बदलला की हातपंपानं हवा काढायची, नाहीतर सेल मारून मारून बॅटरी उतरते. एअर फिल्टर हलक्या हातानं झटकायचा, कागदी असेल तर धुवायचा नाही. धुराचं तर सोपं आहे. काळा धूर आला तर हवा कमी पडतेय, आधी एअर फिल्टर बघा. निळा आला तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरा थांबतच नसेल तर आत पाणी जात असेल, मिस्त्रींना बोलवा.

पावसाळ्यानंतर चिखल धुताना पोटाखालून धुवायचं, कारण पत्रा वरून नाही, खालून सडतो. चाकाचा अर्धा भाग बुडेल एवढ्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर मागच्या गोळ्यातलं ऑइल तपासायचं. चहासारखं दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल तर थांबायचं! दोन फूट वाहतं पाणी एवढ्या जड गाडीलाही उचलून नेऊ शकतं. पाण्यात गाडी बंद पडलीच, तर सेल मारायचा नाही, इंजिनात पाणी ओढलं गेलं तर ते कायमचं जातं.

एक गोष्ट मात्र शपथेवर पाळते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मी कधीही जात नाही. चासीखाली लोखंडी घोड्या लावायच्या, उरलेल्या चाकांना दगड लावायचे, गाडी हलवून पाहायची, मगच खाली शिरायचं. दोन टनांच्या आसपासचं वजन आहे ते. ते ‘चुकलं’ म्हणायलाही वेळ देत नाही.

‘‘बायामाणसाचं काम आहे का हे?’’ असं कुणी म्हणालं, की मी बर्टा बेंझची गोष्ट सांगते. 1888 च्या ऑगस्टमध्ये ही जर्मन बाई नवऱ्यानं बनवलेली तीन चाकांची मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेली. शंभरेक किलोमीटर. तेवढं लांब मोटारीनं तोवर कुणी गेलं नव्हतं. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. आणि उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडं लावून घेतलं. म्हणजे जगातला पहिला ब्रेक लायनर एका बाईला सुचला! माझं त्यापुढे काय मोठं?

आता राहिला लेकाचा प्रश्न. गाडी ठेवायची किती दिवस? खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. 2022 मध्ये आमची पंधरा वर्षं भरली. त्याच वर्षी एप्रिलपासून फी पाच हजार झाली होती. ती भरली, पर्यावरण कर भरला, आणि परीक्षेला निघालेल्या मुलीसारखी तिला धुवून-पुसून आरटीओत नेली. पास झाली. 2027 मध्ये ती वीस वर्षांची होईल. 2025 च्या नव्या नियमानं वीस वर्षांपुढच्या अशा गाड्यांची फी दहा हजार झाली आहे. तेव्हा काय करायचं, ते मी ठरवून ठेवलंय. चासीला टोचा मारून पाहायचा. वरचा पत्रा गेला तर नवा वेल्ड करता येतो, पण चासी सडली असेल, किंवा ब्रेकचे सुटे भाग चांगल्या प्रतीचे मिळेनासे झाले, तर त्याच दिवशी भंगारवाल्याला मी स्वतः फोन करीन. दुसऱ्यांची पोरं पाठीमागे बसवून हट्ट पुरवायचा नसतो. तोवर नाही.

लेका, हे तुझ्यासाठी. गेलेलं परत येत नाही, हे आम्हाला डॉक्टरांनी सांगितलं आहे. जे आहे ते राखायला रोज थोडं लक्ष द्यावं लागतं, एवढंच. त्या कामाचा आम्हाला कंटाळा नाही.

काकीमांची ती नात आता चंद्रपूरला नोकरी करते. सुट्टीत आली की नळीची बाटली धरायला येते. रविवारी सकाळी बॉनेट उघडलं की खुर्चीवरून आवाज येतो.

‘‘पाहिलंस?’’

‘‘पाहिलं. वरच्या रेघेवर आहे.’’

‘‘मागच्या रविवारी?’’

‘‘तिथंच होतं.’’

हे मान हलवतात. मग मी साबणानं हात धुऊन येते, ते डोकं मागे टेकतात, आणि मी त्यांच्या डोळ्यांत सकाळचे थेंब घालते.